हेमंतातील लंकाप्रवास : आधी देश, मग ऋतू

मार्गशीर्ष लागला की आमच्या नाशिकच्या चिकित्सालयात एक ठरावीक प्रश्न येऊ लागतो : "श्रीलंकेस निघालो आहोत, बरोबर कोणती औषधे न्यावीत?" पूर्वी असा प्रश्न काशी-रामेश्वरापुरता असे. आता मुंबईहून अडीच तासांत कोलंबो गाठता येते आणि साठी उलटलेली मंडळीही नाताळच्या सुट्टीत मुलानातवंडांसह समुद्र ओलांडतात. प्रश्न सोपा वाटतो, म्हणून उत्तरही सोपे दिले जाते. आम्हीही ते तसेच देत होतो. एका रुग्णामुळे आमची ही सवय मोडली. ती हकिगत वैद्यबंधूंपुढे प्रथम मांडणे आम्हांस उचित वाटते.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. तमकश्वासाचे आमचे एक जुने रुग्ण, वय बासष्ट, डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात सपत्नीक श्रीलंकेस निघाले. व्याधी दोन वर्षे शांत होती. आम्ही नित्याप्रमाणे हेमंतचर्या लिहून दिली : अभ्यंग, उष्णोदक, स्निग्ध व बल्य आहार, सकाळी च्यवनप्राश, आणि वेग आल्यास घ्यावयाची औषधे. प्रवासाचा कार्यक्रम मात्र पाहावयास मागितला नाही. तो असा होता : पहाटे कोलंबोच्या विमानतळावर उतरावयाचे आणि त्याच दिवशी बसने थेट नुवारा एलिया येथे मुक्कामास जावयाचे. समुद्रकाठच्या दमट उकाड्यात अंग घामाने भिजले, वातानुकूलित बसमध्ये ते तसेच वाळले. वाटेत भूक लागली म्हणून दहीभात व केळी झाली. सायंकाळी १,८६८ मीटर उंचीवर, धुक्यात, सुती सदऱ्यावर ते उतरले. मध्यरात्री वेग आला. औषधे मोठ्या पेटीत होती, पेटी बसमध्ये होती आणि बस दुसरीकडे मुक्कामास गेली होती. तेथील रुग्णालयात प्राणवायू व वाफेवाटे औषध मिळाले म्हणून निभावले.

पहाटे त्यांच्या पत्नीचा दूरध्वनी आला. "वैद्यराज, आपण हेमंत ऋतू लिहिला आहे. दुपारी इथे पंखा पुरत नव्हता आणि आता शेगडी मागितली आहे. ऋतू कोणता धरायचा?" त्या क्षणी आमच्यापाशी उत्तर नव्हते. दोष सहल आखणाऱ्याचा होता तसा आमचाही होता. किंबहुना आमचा अधिक, कारण देश आणि काल यांचा एकत्र विचार करणे हे आमचे शास्त्र आहे, त्याचे नव्हे.

त्यानंतर दोन वर्षांनी आम्ही स्वतः जानेवारीत दहा दिवस त्या बेटावर हिंडून आलो. पुढील विवेचन त्या प्रवासावर व नंतरच्या रुग्णांच्या अनुभवावर आधारलेले आहे.

श्रीलंकेचे क्षेत्रफळ सुमारे ६५,६०० चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या जेमतेम पाचवा हिस्सा. घड्याळ २००६ पासून भारताच्या घड्याळाबरोबर चालते. भात, नारळ, फणस, शेवगा, कढीपत्ता, सारे ओळखीचे. त्यामुळे देश बदलला ही जाणीव प्रवाशास होतच नाही, आणि येथेच तो फसतो. युरोपास जाणारा मनुष्य लोकरी कपडे घेतो. लंकेस जाणारा कोकणात निघाल्यासारखा निघतो.

बेटाच्या दक्षिण-मध्य भागात पर्वतांचा उंचवटा आहे. त्याचे सर्वोच्च शिखर पिदुरुतलागल २,५२४ मीटर आहे. मोसमी वारे या भूमीवर वर्षातून दोनदा येतात. नैर्ऋत्येकडील वारे मे ते सप्टेंबर या काळात पश्चिम व नैर्ऋत्य किनाऱ्यास भिजवतात. ईशान्येकडील वारे डिसेंबर ते फेब्रुवारीत पूर्व व उत्तर भागास पाऊस देतात. मधला पर्वत प्रत्येक वेळी एका बाजूचा पाऊस अडवितो. त्यामुळे आपल्याकडे ज्या दिवसांत हेमंत सरून शिशिर लागतो, त्याच दिवसांत कोलंबो-गॉलच्या किनाऱ्यावर दुपारी ३० ते ३१ अंश, रात्री २२-२३ अंश आणि अंग चिकट करणारा दमटपणा असतो. पूर्वेस त्रिंकोमाली व बट्टिकलोआ येथे नोव्हेंबर-डिसेंबर हे ऐन पावसाचे महिने. नुवारा एलियात दिवसा २० अंशांच्या आसपास ऊन आणि रात्री १० अंशांखालची थंडी असते. जानेवारी-फेब्रुवारीत क्वचित दहिवर गोठून गवत पांढरे होते. एकाच तिथीस एकाच छोट्या बेटावर ग्रीष्मासारखा उकाडा, वर्षा आणि हेमंत ही तिन्ही लक्षणे! तेथील शेतकऱ्याने हे केव्हाच ओळखले आहे. त्याचे भाताचे दोन हंगाम, 'महा' आणि 'यल', या दोन पावसांवर बेतलेले आहेत.

हे आपल्या शास्त्रास अपरिचित नाही. जांगल, आनूप व साधारण हे देशभेद आपण प्रथम वर्षापासून पाठ करतो. गंगेच्या दक्षिणेस पाऊस अधिक म्हणून प्रावृट् व वर्षा हे दोन ऋतू मानावेत, उत्तरेस शीत अधिक म्हणून हेमंत व शिशिर मानावेत, असे काश्यपाच्या नावे टीकाकारांनी सांगितलेले मत प्रसिद्ध आहे. म्हणजे ऋतूंची मोजणी स्थलपरत्वे बदलते हे टीकाकारांना मान्य होते. आपण मात्र दिनदर्शिका पाहून ऋतुचर्या लिहितो. गावातल्या गावात हे चालून जाते. प्रवासी रुग्णाच्या बाबतीत ते चालत नाही, कारण तो आपल्या शरीरात एक ऋतू घेऊन निघतो आणि दुसऱ्याच ऋतूत उतरतो.

नाशिकचा मनुष्य डिसेंबरात निघतो तेव्हा बाह्य शीतामुळे कोंडलेला त्याचा अग्नी प्रबळ असतो. तिळाचे लाडू, बाजरीची भाकरी, लोणी हे सारे त्यास पचत असते. कोलंबोस उतरताच स्वेदप्रवृत्ती वाढते, क्लेद वाढतो, भूक मंदावते. जिव्हेची सवय मात्र हेमंताचीच राहते, आणि उपाहारगृहातील मांडलेल्या पन्नास पदार्थांची तीस साथ मिळते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी अजीर्ण वा अतिसार होतो आणि खापर पाण्यावर फोडले जाते. पाणी दूषित असू शकते, हे आम्ही नाकारीत नाही; बाटलीबंद वा उकळलेलेच प्यावे. परंतु उत्तम पाणी पिऊनही आजारी पडलेले रुग्ण आम्ही पाहिले आहेत.

वाग्भटाने ऋतुसंधीचे चौदा दिवस सांगितले : सरत्या ऋतूचे शेवटचे सात, येत्या ऋतूचे पहिले सात. जुना विधी हळूहळू सोडावा, नवा हळूहळू धरावा. चरकाने असात्म्य सोडण्याचा व सात्म्य धरण्याचा पादांशिक क्रम दिला. आमच्या त्या रुग्णाला ऋतुसंधीसाठी चौदा दिवस नव्हे, सहा तास मिळाले. आठ-दहा दिवसांच्या सहलीत पादांशिक क्रम आहारविहारात पुरता साधणे शक्य नाही. तो मार्गातच बसवावा लागतो. कोणत्या गावानंतर कोणते गाव, हा आमच्या दृष्टीने आता चिकित्सेचा प्रश्न आहे.

म्हणून आम्ही रुग्णांस पुढील क्रम सुचवितो. पहिले दोन मुक्काम समुद्रसपाटीवर, नेगोंबो वा कोलंबो येथे. पहिला दिवस विश्रांतीचा, लघू आहाराचा. नंतर कँडी, सुमारे ५०० मीटर. तेथे दोन रात्री. तेथून नुवारा एलिया, मग सुमारे १,००० मीटरवरील एल्ला, आणि शेवटी उतरून दक्षिण किनारा. दर हजार मीटरला तापमान सरासरी साडेसहा अंशांनी उतरते, हे गणित रुग्णास समजावून सांगितले की लोकरी कपडे हाताशी ठेवण्याचे त्यास वेगळे सांगावे लागत नाही. सिगिरियाचा दुर्ग व अनुराधपुर पाहावयाचे असल्यास नेगोंबो आणि कँडी यांच्यामध्ये घ्यावे; तो प्रदेश एरवी कोरडा, पण डिसेंबरात तेथे पाऊस असतो, फेब्रुवारी अधिक बरा. पूर्व किनाऱ्याचा हव्यास हिवाळ्यात सोडावा. ते समुद्रस्नान मे ते सप्टेंबरसाठी राखून ठेवावे, जेव्हा पश्चिमेस पाऊस असतो.

तमकश्वासी, हृद्रोगी व अतिवृद्ध यांनी नुवारा एलियात रात्र काढू नये असे आमचे मत आहे. कँडीहून सकाळी निघून चहाचे मळे दुपारच्या उन्हात पाहावेत आणि सूर्यास्तापूर्वी खाली उतरावे. नातेवाईक थोडे नाराज होतात. होऊ द्यावेत.

श्रीपाद शिखराविषयी, ज्यास आपल्याकडे आदमचे शिखर म्हणतात, स्वतंत्र सांगणे आवश्यक आहे. उंची २,२४३ मीटर, पायऱ्या पाच हजारांहून अधिक. यात्रेचा काळ डिसेंबरच्या पौर्णिमेपासून मे महिन्यातील वैशाखी पौर्णिमेपर्यंत, म्हणजे नेमका आपल्या सुट्टीचा. सूर्योदय गाठण्यासाठी लोक मध्यरात्रीनंतर चढू लागतात. चढताना घामाने चिंब आणि शिखरावर पोहोचताच बोचरा वारा : श्वास, प्रतिश्याय आणि कटिशूल यांचे याहून उत्तम निमंत्रण आम्हांस सुचत नाही. आम्ही चढलो तेव्हा कोरडी बंडी व कानटोपी पाठीवरच्या पिशवीत नेली आणि माथ्यावर टेकण्यापूर्वी भिजलेले वस्त्र बदलले. उतरताना गुडघ्यांनी दोन दिवस आठवण ठेवली ती वेगळीच. संधिगतवाताच्या रुग्णास आम्ही पायथ्याशीच थांबवितो.

आहाराविषयी तेथील लोकव्यवहार पाहून आम्हांस समाधान वाटले. सकाळी 'कोळ कँद' म्हणून तांदळाची हिरवी पेज मिळते. तीत मंडूकपर्णी, शतावरीची पाने यांसारख्या वनस्पतींचा रस असतो. किनाऱ्यावरील मंदाग्नीस याहून योग्य न्याहारी नाही. शहाळ्यात 'तंबिली' नावाचे नारिंगी शहाळे दुपारी घ्यावे, थंड प्रदेशात टाळावे. सर्दीपडशावर घरोघरी धने-आल्याचा काढा. कंटकारी, वेनिवेल, पतपाडगम, सुंठ व धने यांचा पंचद्रव्यांचा काढाही दुकानात तयार मिळतो. नुवारा एलियात सायंकाळी तो घ्यावा. मातीच्या भांड्यातील म्हशीचे दही व त्यावर भेरली माडाचा पाक हे तेथील लाडके मिष्टान्न आहे. चव उत्तम, परंतु हेमंतात दही चालते या पाठावर विसंबून कोणी किनाऱ्यावर रात्री ते खाऊ नये. तेथील उकाडा ग्रीष्म-शरदाच्या जातीचा आहे, आणि त्या ऋतूंत चरकाने दही निंद्य मानले आहे.

ज्वराविषयी मात्र कोणतीही सवलत नको. श्रीलंका २०१६ मध्ये हिवतापमुक्त म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने प्रमाणित केली. डेंग्यू मात्र तेथे आहे आणि २०१७ मध्ये त्याची मोठी साथ आली होती. डास दिवसा चावतो, म्हणून पूर्ण बाह्यांचे कपडे किनाऱ्यावरही घालावेत. तेथे असताना वा परतल्यावर दोन आठवड्यांत ज्वर आल्यास लंघन-पाचनावर दिवस काढू नयेत. त्वरित रक्ततपासणी करावी आणि अ‍ॅस्पिरिन, आयबुप्रोफेन ही वेदनाशामके स्वतःहून घेऊ नयेत. याबाबत संकोच बाळगणारे वैद्य आमच्या पाहण्यात आहेत, म्हणून हे स्पष्ट लिहिले.

औषधे हाताच्या पिशवीतच असावीत, मूळ वेष्टनात व चिठ्ठीसह. रसकल्प व भस्मे असल्यास चिठ्ठीत त्यांचा स्पष्ट उल्लेख असावा. विमानात जवळ बाळगण्याच्या सामानात द्रवपदार्थाची कुपी १०० मिलिलिटरहून मोठी चालत नाही. म्हणून आसव-अरिष्टांऐवजी वटी-चूर्णे द्यावीत. ज्यांचा इनहेलर चालू आहे त्यांनी तो बंद करून निघू नये. नोव्हेंबर २०२५च्या अखेरीस आलेल्या 'दितवा' चक्रीवादळाने पूर व दरडींनी सहाशेहून अधिक बळी घेतले आणि डोंगराळ भागातील रस्ते व रेल्वे यांची मोठी हानी केली. म्हणून मार्गाची स्थिती निघण्यापूर्वी विचारून घ्यावी आणि कार्यक्रमात एक दिवस मोकळा ठेवावा.

वैद्य स्वतः जात असल्यास त्याने मिहिंतले चुकवू नये. नवव्या शतकातील भिक्षूंच्या रुग्णालयाचे तेथे अवशेष आहेत आणि मनुष्याकृती कोरलेली पाषाणाची द्रोणी आहे. रुग्णास औषधी द्रवात निजविण्यासाठी ती वापरीत. अवगाहस्वेद शिकविताना आम्ही आता तिचे छायाचित्र दाखवितो.

परतीचा विचार कोणी करीत नाही. दहा दिवस किनाऱ्यावर सैलावलेले शरीर जानेवारीत एका रात्रीत नाशिकला येते. निफाडच्या बाजूस पारा कधी ५ अंशांखाली गेलेला असतो. उतरल्यावर पहिले तीन दिवस मुगाचे कढण, भात, सुंठीचे पाणी, पहाटेचे फिरणे बंद; चौथ्या दिवसापासून तेल-तूप वाढवीत नेहमीच्या आहारावर यावे. आमचे ते रुग्ण गेल्या वर्षी पुन्हा श्रीलंकेस जाऊन आले. या वेळी कार्यक्रमाचा कागद त्यांनीच पुढे केला. प्रत्येक मुक्कामापुढे आम्ही उंची आणि तेथील ऋतू लिहिला. नुवारा एलियाची रात्र त्यांनी आमच्या देखतच खोडली.