वेदी वळली, भिंत राहिली: कॅथॉलिक धर्मग्रामातील सुधारणा आणि जात

आमच्या आजोबांनी १९५६ नंतर बुद्धाचा मार्ग धरला. त्यांच्या धाकट्या बहिणीचे सासर मात्र नगर जिल्ह्यातले; ते लोक त्याच्या कितीतरी आधी कॅथॉलिक झालेले. लहानपणी तिच्याबरोबर हरेगावच्या मतमाउलीच्या यात्रेला गेलो, तेव्हा आजूबाजूच्या माणसांची आडनावे आमचीच, बोली आमचीच आणि पायांतल्या भेगाही आमच्याच, एवढे कळले होते. पुढे शिकवायला लागल्यावर एका ख्रिस्ती विद्यार्थ्याने विचारले, “सर, आमच्याकडे दोन गट पडलेत. एक म्हणतो जुनंच बरं होतं, दुसरा म्हणतो मिस्सेत आरती हवी. यात आपण कुठं?” त्या ‘आपण’मध्ये त्याने मलाही घेतले होते. त्याला वर्गात नीट उत्तर देता आले नाही. ते येथे मांडण्याचा प्रयत्न करतो.

प्रथम धर्मग्राम म्हणजे काय ते समजून घेतले पाहिजे. कॅथॉलिक व्यवस्थेत बिशपाच्या हाताखाली जे लहान लहान विभाग असतात, त्यांना धर्मग्राम म्हणतात. तेथील फादर बिशपाने नेमलेला असतो. बाप्तिस्मा, लग्न, मरण यांची नोंद तेथे होते. बहुतेक ठिकाणी शाळा, वसतिगृह आणि दफनभूमीही त्याच्याशी जोडलेली असते. म्हणजे गरीब ख्रिस्ती माणसाचे जन्मापासून मातीपर्यंतचे सगळे व्यवहार याच दारातून जातात. म्हणून धर्मग्रामातील भांडण ही केवळ पूजापाठाची बाब आहे असे समजणे चुकीचे ठरेल.

आज ज्याला सनातनी आणि सुधारणावादी असे म्हटले जाते, ती फळी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ठळक केली. ही परिषद ११ ऑक्टोबर १९६२ रोजी सुरू झाली आणि ८ डिसेंबर १९६५ रोजी संपली. तोपर्यंत मिस्सा लातिनमध्ये होई. धर्मगुरू वेदीकडे तोंड करून, लोकांकडे पाठ करून उभा राही. परिषदेने डिसेंबर १९६३ मध्ये उपासनेविषयीचा दस्तऐवज संमत केला. त्यानंतरच्या काही वर्षांत मिस्सा लोकभाषेत आली, वेदी लोकांकडे वळली, प्रापंचिक माणूस वाचन करू लागला. सनातन्यांना यात पावित्र्याचा ऱ्हास दिसला. त्यांची थट्टा करण्याचे कारण नाही. अर्थ न कळता का होईना, ज्या प्रार्थना म्हाताऱ्या बाईने आयुष्यभर पाठ म्हटल्या, त्या एका दिवसात गेल्या तर तिला पोरके वाटणारच. हा वाद अजून मिटलेला नाही. पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी २००७ मध्ये जुन्या लातिन मिस्सेला मोकळीक दिली आणि पोप फ्रान्सिस यांनी २०२१ मध्ये ती पुन्हा आवळली.

पण या दोन्ही गटांचे भांडण वेदीभोवतीचे आहे. भाषा कोणती, तोंड कुणीकडे, प्रसाद हातावर घ्यायचा की जिभेवर? वेदीपासून दूर मागे उभा असलेला जो माणूस आहे, त्याचा प्रश्न वेगळा आहे. मला बसायला जागा कुठे? माझ्या बापाची कबर कुठे? हा प्रश्न या दोन गटांच्या मधून आरपार जातो.

सुधारणावाद्यांचेच उदाहरण घेऊ. परिषदेनंतर १९६९ मध्ये भारतीय मिस्सेसाठी बारा बदल मान्य झाले. पादत्राणे काढणे, अंजली जोडणे, पंचांग प्रणाम, आरती, तेलाचे दिवे, धर्मगुरूच्या खांद्यावर शाल असे त्यांचे स्वरूप होते. परकीयपणाचा शिक्का पुसण्याचा हेतू चांगला होता. परंतु हे ‘भारतीयत्व’ कुणाचे? ज्या मंदिराच्या पायरीवर आमच्या पूर्वजांची सावली चालत नव्हती, त्या मंदिरातली रीत भारतीय ठरली. आमच्या वस्तीतली हलगी त्या यादीत नव्हती. अरविंद निर्मळ या प्रॉटेस्टंट विचारवंतांनी १९८१ मध्ये बंगलोरजवळ कार्मेलाराम येथील व्याख्यानात ख्रिस्ती धर्मचिंतनाचा हा उच्चवर्णीय तोंडवळा प्रश्नाखाली आणला. दलित ईशज्ञानाची चळवळ पुढे वाढली, तिच्या मुळाशी हे व्याख्यान आहे. पुण्यातील जेझुइट अभ्यासक जॉर्ज सोआरिस-प्रभू यांनीही बहिष्कृतांबरोबर एका पंगतीला बसणाऱ्या येशूचा अर्थ भारतातील दलित ख्रिस्ती माणसाच्या बाजूने लावून दाखवला.

संस्कृतीशी जुळवून घेताना जातीशी जुळवून घेण्याची ही सवय जुनी आहे. रोबेर्तो द नोबिली हा इटालियन जेझुइट १६०६ मध्ये मदुराईला आला. त्याने संन्याशाचा वेष घेतला आणि उच्चवर्णीयांसाठी वेगळी वागणूक ठेवली. वाद रोमपर्यंत गेला. पोप ग्रेगरी पंधरावे यांनी १६२३ मध्ये धर्मांतरित ब्राह्मणांना जानवे आणि शेंडी ठेवण्याची सशर्त परवानगी दिली. त्याच आज्ञापत्रात कुलीनांनी हीनदीनांना तुच्छ लेखू नये अशी विनवणीही होती. परवानगी अमलात आली आणि विनवणी कागदावर राहिली. पुढे खालच्या जातींसाठी ‘पंडारस्वामी’ नावाचे वेगळे मिशनरी नेमले गेले. गोव्यातही बामण, चारडो, सुदीर हे भेद बाप्तिस्म्याच्या पाण्यात विरघळले नाहीत.

तामिळनाडूच्या तिरुनेलवेली जिल्ह्यात वडक्कनकुलम नावाचे गाव आहे. तेथे एकोणिसाव्या शतकात असे चर्च बांधले गेले की वरच्या आणि खालच्या जातींना वेगवेगळ्या दालनांत बसता यावे आणि दोघांनाही वेदी मात्र एकच दिसावी. मधली भिंत चर्चच्या अधिकाऱ्यांनी १९१० च्या सुमारास काढली, तर पिल्ले आणि मुदली ख्रिस्ती ती परत उभारून मागण्यासाठी कोर्टात गेले! मद्रास हायकोर्टाने १९१७ मध्ये हा दावा फेटाळला. स्पर्श नको, या हक्काचे मूळ विटाळाच्या कल्पनेतच असू शकते आणि ख्रिस्ती लोकांत असा हक्क मानता येणार नाही, असा त्या निकालाचा आशय होता. धर्मबंधूंना जे उमगले नाही, ते न्यायाधीशांनी सांगितले. येथे ‘परंपरा’ म्हणून जे राखायचे होते ते रोमचे नव्हते, ते मनूचे होते.

ही शंभर वर्षांपूर्वीची गोष्ट झाली असे कुणी म्हणेल. त्याने एरैयूरकडे पाहावे. हे गाव तेव्हाच्या विल्लुपुरम जिल्ह्यात होते. तेथे वन्नियार आणि दलित दोघेही कॅथॉलिक. दलितांची प्रेतयात्रा मुख्य रस्त्याने चर्चपर्यंत नेता येत नसे. मिस्सा मातृभाषेत होती, वेदी वळलेली होती, परिषदेचे सारे बदल पोहोचले होते. प्रेत मात्र मागच्या वाटेनेच जात होते. शेवटी दलितांनी आपल्या वस्तीतील प्रार्थनामंदिराला स्वतंत्र धर्मग्रामाचा दर्जा मागितला. मार्च २००८ मध्ये त्यांच्यावर हल्ले झाले, घरे मोडली गेली. पोलिसांच्या गोळीबारात वन्नियार समाजातील दोन माणसे मेली. मेलेली माणसेही ख्रिस्तीच होती, हे विसरून चालणार नाही.

अशा मागणीला सनातनी विरोध करतोच. पण सुधारणावादीही एक युक्तिवाद करतो. जातीवर आधारलेला धर्मग्राम म्हणजे जात पक्की करणे नव्हे काय? ख्रिस्ताचे शरीर एक आहे, ते तोडता कसे येईल? ऐकायला हा युक्तिवाद उदात्त आहे. आपल्या वाचकांना तो ओळखीचा वाटेल. १९३२ मध्ये स्वतंत्र मतदारसंघांच्या विरोधात येरवड्याहून हेच सांगितले गेले होते. ज्याने आधीच वेगळे काढले त्याला ऐक्याची आठवण नेमकी तेव्हाच होते, जेव्हा वेगळा काढलेला माणूस आपली जागा स्वतःच्या नावावर मागतो. एकत्र यायचे असेल तर प्रेत मुख्य रस्त्याने जाऊ द्या. मग वेगळ्या धर्मग्रामाची गरज कुणाला राहील?

येथे अधिकार कुणाच्या हाती आहे हेही पाहिले पाहिजे. १९८३ च्या चर्च कायद्याप्रमाणे धर्मग्राम निर्माण करण्याचा, बदलण्याचा वा मोडण्याचा अधिकार फक्त बिशपाचा आहे. धर्मग्राम परिषद असते, पण तिचे मत केवळ सल्ल्यापुरते आणि ती स्थापायची की नाही हेही बिशपच ठरवतो. म्हणजे परिषदेत दलित निवडून आला तरी त्याचे बोलणे सल्ला ठरते. अर्थ समिती मात्र प्रत्येक धर्मग्रामात सक्तीची आहे. आपल्या कार्यकर्त्यांनी या समितीत कोण बसते ते विचारावे.

वरून काहीच झाले नाही असे मात्र नाही. व्हॅटिकन परिषदेने सामाजिक स्थितीवरून होणारा भेदभाव ईश्वरी योजनेच्या विरुद्ध आहे असे म्हटलेच होते. पोप जॉन पॉल दुसरे यांनी २००३ मध्ये तामिळनाडूच्या बिशपांना जातिभेदाबद्दल स्पष्ट शब्दांत समज दिली. भारतीय बिशप परिषदेने २०१६ मध्ये दलित सक्षमीकरणाचे धोरण जाहीर केले. देशातील सुमारे १ कोटी ९० लाख कॅथॉलिकांपैकी १ कोटी २० लाख दलित आहेत आणि नेतृत्वात ते नगण्य आहेत, हे तिथे कबूल केले आहे. २०२२ मध्ये हैदराबादचे आर्चबिशप अँथनी पूला हे पहिले दलित कार्डिनल झाले. या गोष्टींचे मोल आहे. पण धोरण दिल्लीत जाहीर होते आणि दफनभूमी गावात असते.

सरकारनेही या माणसाला कोंडीत पकडले आहे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध त्यात आले. ख्रिस्ती आणि मुसलमान बाहेर राहिले. सूसाई या मद्रासच्या ख्रिस्ती चर्मकाराचा दावा सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्ये फेटाळला. धर्मांतरानंतरही तेच हाल तितक्याच तीव्रतेने चालू आहेत, हे सिद्ध झालेले नाही, असे न्यायालयाचे म्हणणे होते. रंगनाथ मिश्र आयोगाने २००७ मध्ये धर्माची अट काढावी अशी शिफारस केली, ती अमलात आली नाही. परिणाम असा की गावात “आमच्यात जात नाही” म्हणून त्याचे तोंड बंद केले जाते आणि सवलत मागायला गेल्यावर “जात असल्याचा पुरावा आण” असे सांगितले जाते. चर्चने आपल्या घरातली जात उघडपणे मान्य केली नाही, तर कोर्टात साक्ष कोण देणार?

बाबासाहेबांनी ख्रिस्ती झालेल्या अस्पृश्यांच्या स्थितीवर सविस्तर लिहिले आहे. ते लेखन १९८९ मध्ये त्यांच्या इंग्रजी ग्रंथावलीच्या पाचव्या खंडात प्रसिद्ध झाले. ते वाचून काही मित्र “बघा, आम्ही योग्य मार्ग निवडला” म्हणून मोकळे होतात. मला हे पटत नाही. आपल्या विहाराच्या कमिटीत मातंग बंधू किती? पोटजातीबाहेरची लग्ने किती? जात धर्म बदलल्याने आपोआप जात नाही; ती रोजच्या व्यवहारात मोडावी लागते, एवढाच धडा एरैयूरपासून आपणही घ्यायचा आहे.

म्हणून त्या विद्यार्थ्याला आज सांगेन, बाबा, आरती हवी की लातिन, या भांडणात कुणाच्याही मागे लगेच उभा राहू नकोस. दोन्ही गटांना तीन प्रश्न विचार. दफनभूमीत माती एक आहे का? पैशाच्या हिशेबाला आपला माणूस बसतो का? सेमिनरीत आपली पोरे जातात का, आणि गेलेली टिकतात का? जो या प्रश्नांना सरळ उत्तर देईल तो तुझा; मग तो मिस्सा कोणत्याही भाषेत म्हणो.