सोळा गाड्यांमागे एक झाड

पहाटे ५

मे महिन्यात आमचा दिवस उजाडायच्या आत सुरू झाला नाही तर वाया गेला म्हणायचा. निमोण्यात घरामागं शेडनेट आहे, त्याखाली कडुनिंब, करंज, बकुळ आणि पुत्रंजीवाची रोपं. बहुतेक उरुळी कांचन, सोरतापवाडीच्या नर्सऱ्यांतून आणलेली. आणली की लगेच लावायची नाहीत, एक उन्हाळा इथं काढू द्यायचा. शिरूर तालुक्यात पाऊस पाचशे मिलिमीटरच्या आसपास, तोही लहरी. नर्सरीच्या सावलीत वाढलेली कोवळी पानं इथल्या उन्हात आठवड्याभरात करपतात. पाणी मारून होईस्तोवर सहा वाजतात.

६:३०

रांजणगाव एमआयडीसीत एका कारखान्याच्या दोन्ही पार्किंगची झाडं माझ्याकडं आहेत, एक गाड्यांचं आणि एक ट्रकचं. माझ्या कामावरच्या बाया कारेगावातून चालत येतात. गेटवर हजेरी, हेल्मेट, जाकीट आणि हत्यारांची नोंद. "मामा, कोयते किती?" रखवालदार रोज विचारतो. संध्याकाळी तेवढेच बाहेर आले नाहीत तर माझी सुटका नाही.

७

आधी ट्रकचं यार्ड, कारण आठनंतर तिथं काम करायला जागा नसते. ट्रकमागं झाड लावणं ही वेगळीच विद्या आहे. चाक कठड्याला टेकतं, पण ट्रकचा मागचा भाग चाकाच्या मागं मीटर-दीड मीटर लोंबत असतो. नकाशात झाड कठड्याला लागून दाखवलेलं असतं, आणि पहिल्याच महिन्यात कुणीतरी रिव्हर्स घेताना ते आडवं करतं. म्हणून मी खड्डा दोन मीटर मागं घेतो. खालच्या फांद्या साडेचार मीटरपर्यंत काढाव्या लागतात, नाहीतर कंटेनरचं टप त्या ओरबाडून नेतं. छाटलेल्या जागी बोर्डो पेस्ट.

एका कडुनिंबाखाली ड्रायव्हरांची चूल आहे. तीन विटा, काळं पातेलं, फांदीला अडकवलेला टॉवेल. कंपनीच्या नियमात ती बसत नाही, म्हणून सुपरवायझर येताना दिसला की पातेलं केबिनमध्ये जातं. माल उतरवायचा नंबर कधी कधी दुसऱ्या दिवशी लागतो. तोवर ड्रायव्हर जाणार कुठं? नगरकडचा एक ड्रायव्हर म्हणाला, "दादा, ही एक फांदी राहू द्या की." राहू दिली. पश्चिमेकडची होती, ट्रक त्या बाजूनं जात नाहीत.

९:३०

गाड्यांच्या पार्किंगमध्ये एक करंज वाळला होता, तो काढला. पहारीनं मुळं मोकळी केली तर झाड अलगद हातात आलं. बुंध्याखाली काळी प्लॅस्टिकची पिशवी तशीच, आणि आत मुळं दोरीच्या वेटोळ्यासारखी गोल गोल फिरलेली. आधीच्या ठेकेदारानं पिशवी न फाडता झाड खड्ड्यात ठेवलं होतं. तीन पावसाळे ते बिचारं त्या पिशवीत जगलं. ठेकेदाराच्या फोटोत मात्र ते लावलेलं झाड होतं, मोजणीतही धरलेलं असणार.

पिशवी फाडली असती तरी पुढं दुसरी भिंत होती. पार्किंगचा मुरूम रोलरनं दाबून दगड केलेला असतो, वर पेव्हर ब्लॉक. मूळ त्यात शिरत नाही. आम्ही भोवतीचे ब्लॉक उचलून मीटरभर लांब, रुंद, खोल खड्डा घेतला, तळाचा मुरूम पहारीनं फोडला, पोयटा आणि शेणखत भरलं. रोप पावसाच्या तोंडावर. तोवर खड्डा उन्हात तापू द्यायचा.

११

ॲडमिनच्या साहेबांनी बोलावलं. काही महिन्यांनी पाहुणे येणार आहेत, रस्त्यावरून पार्किंग दिसता कामा नये.

"कोनोकार्पस लावा ना, सहा महिन्यांत भिंत होते."

"साहेब, होते. पण त्याची मुळं गटारात आणि पाइपात शिरतात. गुजरात सरकारनं २०२३ मध्ये त्यावर बंदी घातलीय."

"मग गुलमोहर?"

"वळवाच्या वाऱ्यात फांदी गाडीवर पडली तर पुढचं माझ्या अंगावर."

मी जाळीवर मधुमालती सुचवली, खाली कमरेइतकी मेंदी. सिक्युरिटीला मेंदी कमरेपेक्षा उंच चालतच नाही, जाळीपाशी उभा माणूस कॅमेऱ्याला दिसला पाहिजे. हेही साहेबांना तेव्हाच कळलं.

खरं बोलणं पुढं झालं. एमआयडीसीच्या भाडेपट्ट्याच्या करारात अट असते: भूखंडाच्या दर २०० चौरस मीटरला एक झाड आणि रस्त्याच्या बाजूला दर १५ मीटरला एक. झाडं कडेच्या मोकळ्या जागेत लावायची. पर्यावरण मंजुरी लागत असेल तर बहुधा हरित पट्टाही. अटी चांगल्याच आहेत, पण त्या झाडं मोजतात, सावली मोजत नाहीत. एका गाडीला अडीच बाय पाच मीटर, म्हणजे साडेबारा चौरस मीटर जागा. २०० चौरस मीटरात, ये-जा करायची वाट धरली नाही तर, सोळा गाड्या. आठ मीटर पसरलेला कडुनिंब सावली देतो पन्नासेक चौरस मीटरला, म्हणजे चार गाड्यांना. तोही गाड्यांमध्ये असला तर. कडेला असला की त्याची निम्मी सावली रस्त्याला जाते. कॅलिफोर्नियातल्या सॅक्रामेंटो शहरानं १९८३ मध्ये वेगळं केलं: पंधरा वर्षांत पार्किंगच्या निम्म्या जागेवर सावली आली पाहिजे, असाच नियम.

साहेब म्हणाले, "म्हणजे मध्ये झाडं लावायची? जागा किती जाईल?"

"दर चार-पाच गाड्यांमागे एका गाडीची."

ते गप्प झाले. पार्किंगला जागा पुरत नाही म्हणून रोज त्यांच्याकडं भांडणं येतात, तेही चूक नाहीत.

१:३०

डबा. बायांनी कैरीचा ठेचा आणला होता. सावली अर्थात ट्रकच्या यार्डातली.

३

ड्रिप तपासलं. सांडपाणी शुद्ध करून ते झाडांना देतात. कल्पना उत्तम, पण क्षार साचून ड्रीपर बुजतात. बाया एकेक ड्रीपर काढून पिनेनं टोचत बसल्या. आळी उकरून वर पाचट पसरलं. निमोण्याच्या ऊसवाल्यांकडून ते फुकट मिळतं, फक्त वाहून आणायचं. वाळवी लागलेल्या दोन बुंध्यांना औषध, बाकीच्यांना गेरू-चुना. गेरू-चुना झाला की साहेब लोक खूश असतात, त्यामुळं तो मी नेहमी दुपारनंतर, सगळ्यांदेखत करतो.

६:३०

घरी येऊन अंदाजपत्रक लिहिलं. जाळी, मधुमालती, मेंदी हे पहिल्या पानावर, कारण ते मंजूर होणारच. दुसऱ्या पानावर पार्किंगच्या मधल्या ओळीत सहा कडुनिंब, सहा गाड्यांची जागा घालवून. खाली एक ओळ टाकली: सुरुवात उन्हाच्या तोंडच्या रांगेपासून करावी, जिथं दुपारी तसंही कुणी गाडी लावत नाही.