उद्यानसिंचनाचे नागरी नियम

उद्यानसिंचनाचे नागरी नियम : नव्याने विकसित होणाऱ्या वसाहती, गृहसंकुले, कार्यालये, शिक्षणसंस्था, उद्योगगृहे इत्यादींच्या मोकळ्या जागेत झाडे, झुडपे, वेली व हिरवळ यांची लागवड करताना पाण्याचा वापर मर्यादित राहावा, या हेतूने शासनाने वा नागरी संस्थांनी घालून दिलेले नियम. बांधकामाचा नकाशा मंजूर करतानाच हे नियम लागू केले जातात, कारण बाग एकदा तयार झाली म्हणजे तिची पाण्याची गरज पुढील अनेक वर्षांसाठी ठरून जाते. या नियमांचे स्थूलमानाने तीन प्रकार आढळतात : (१) पाणी मिळविण्याविषयीचे (पर्जन्यजल संकलन, सांडपाण्याचा पुनर्वापर), (२) पाणी देण्याच्या पद्धतीविषयीचे (ठिबक सिंचन, वेळांचे निर्बंध) आणि (३) पाण्याची मागणीच कमी ठेवण्याविषयीचे (वनस्पतींची निवड, हिरवळीच्या क्षेत्रावर मर्यादा). भारतात पहिल्या प्रकारचे नियम बरेच रूढ झाले आहेत. तिसऱ्या प्रकारचे मात्र अद्याप विरळाच आहेत.

गरज : महाराष्ट्रातील बहुतेक भागांत वर्षाच्या पावसाचा फार मोठा हिस्सा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. उरलेल्या सुमारे आठ महिन्यांत बागेला दिले जाणारे जवळजवळ सर्व पाणी धरण, विहीर किंवा विंधनविहीर यांतून येते. ज्या एप्रिल-मे महिन्यांत पाणीसाठे तळाला जातात, त्याच महिन्यांत वनस्पतींची पाण्याची गरज सर्वाधिक असते. त्यामुळे बागेचे पाणी व पिण्याचे पाणी यांत प्रत्यक्ष स्पर्धा निर्माण होते. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी पुरवावे लागले. त्याच एप्रिल महिन्यात क्रिकेटच्या मैदानांसाठी लागणाऱ्या पाण्याचा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयापुढे आला आणि न्यायालयाने ३० एप्रिलनंतरचे इंडियन प्रीमियर लीगचे सामने राज्याबाहेर हलविण्याचा आदेश दिला. हिरवळीला किती पाणी द्यावे, हा प्रश्न त्यामुळे केवळ सौंदर्यदृष्टीचा राहिला नाही. तो पाणीवाटपातील न्यायाचा प्रश्न ठरला.

पाण्याचे अंदाजपत्रक : जमिनीच्या पृष्ठभागावरून होणारे बाष्पीभवन व पानांवाटे होणारे बाष्पोच्छ्वसन मिळून जे पाणी हवेत जाते, त्याला ‘बाष्पोत्सर्जन’ म्हणतात. ते मिमी. मध्ये मोजतात. एक चौ. मी. क्षेत्रावरील १ मिमी. पाणी म्हणजे १ लिटर होय. ठराविक उंचीच्या, भरपूर पाणी मिळणाऱ्या गवताचे बाष्पोत्सर्जन हे प्रमाण मानून त्याला वनस्पतिगुणांकाने गुणले व सिंचनाच्या कार्यक्षमतेने भागले, म्हणजे प्रत्यक्ष द्यावयाचे पाणी मिळते. अल्पजली वनस्पतींचा गुणांक साधारणपणे ०·१ ते ०·३, मध्यम गरजेच्या वनस्पतींचा ०·४ ते ०·६ आणि अधिक गरजेच्या वनस्पतींचा ०·७ ते ०·९ धरतात.

एका उदाहरणाने हे स्पष्ट होईल. ४,००० चौ. मी. च्या भूखंडावर १० टक्के, म्हणजे ४०० चौ. मी. मोकळी जागा आहे आणि कोरड्या आठ महिन्यांतील (२४० दिवस) प्रमाण बाष्पोत्सर्जन दररोज सरासरी ५ मिमी. आहे असे मानू. सर्व जागेत हिरवळ लावली (गुणांक ०·७) व तुषार सिंचनाने पाणी दिले (कार्यक्षमता ७० टक्के), तर दररोज २,००० लिटर व आठ महिन्यांत ४,८०,००० लिटर पाणी लागेल. शहरातील माणशी दररोज १३५ लिटर या मानाने हे रोजचे पाणी सुमारे १५ माणसांना पुरेल. जलजीवन मिशनने २०१९ मध्ये ग्रामीण भागासाठी ठरविलेल्या माणशी ५५ लिटर या मानाने ते ३६ माणसांना पुरेल. त्याच जागेत अल्पजली झुडपे लावून (गुणांक ०·२५) ठिबक सिंचन केले (कार्यक्षमता ९० टक्के), तर आठ महिन्यांची गरज सुमारे १,३३,००० लिटरवर येते.

केवळ पर्जन्यजल संकलनाने हा प्रश्न का सुटत नाही, हेही याच हिशोबावरून कळते. ६०० मिमी. पावसाच्या गावी १,००० चौ. मी. छपरावरून, २० टक्के पाणी वाया जाते असे धरल्यास, वर्षाला ४,८०,००० लिटर पाणी मिळते. म्हणजे एवढ्या मोठ्या छपराचे सर्व पाणी जपून साठविले, तरी ते ४०० चौ. मी. हिरवळच खाऊन टाकील. शिवाय एवढी मोठी टाकी सहसा कोणी बांधत नाही. पाणी जमिनीत मुरविले जाते व कठीण बेसाल्ट खडकाच्या प्रदेशात मुरविलेले सर्व पाणी त्याच भूखंडावरील विहिरीत परत मिळेल असे नाही.

तांत्रिक घटक : मृदा : बांधकामाच्या जागी वरची सुपीक माती बहुधा उखडली जाते व मुरूम किंवा राडारोडा शिल्लक राहतो. अशा जमिनीत पाणी टिकत नाही. यासाठी वरचा थर आधीच काढून बाजूस रचून ठेवणे आणि लागवडीपूर्वी शेणखत वा कंपोस्ट मिसळून परत पसरणे हितावह असते. पालापाचोळा, भुसा किंवा लाकडाच्या ढलप्या यांचे ५ ते ८ सेंमी. जाडीचे आच्छादन घातल्यास मातीतील ओल टिकते व तणही कमी उगवते.

वनस्पतींची निवड : सारख्याच गरजेच्या वनस्पती एकत्र लावणे हे मूलतत्त्व आहे, हिरवळीच्या मधोमध अल्पजली झुडूप लावल्यास एकाला पाणी अधिक होते किंवा दुसऱ्याला अपुरे पडते. दख्खनच्या पठारावर व खानदेशात कडुनिंब, करंज, बहावा, पळस, आपटा, कांचन ही झाडे आणि निरगुडी, अडुळसा, करवंद, कोरफड ही झुडपे रुजल्यावर थोड्या पाण्यावर तग धरतात. तथापि रुजण्याच्या पहिल्या दोन-तीन उन्हाळ्यांत त्यांनाही नियमित पाणी द्यावे लागते. म्हणून लागवड पावसाळ्याच्या आरंभी करतात. हिरवळ हवीच असेल तेथे हरळीसारखे काटक गवत खेळण्या-बसण्याच्या जागेपुरतेच लावणे योग्य ठरते.

सिंचन : नळीने मोकाट पाणी देण्यात बराच भाग वाहून वा खोल झिरपून जातो. ठिबक सिंचनात तोट्यांतून ताशी सामान्यतः २ ते ८ लिटर पाणी थेट मुळांशी पडते. पहाटे किंवा सूर्यास्तानंतर पाणी दिल्यास बाष्पीभवन कमी होते. झाडाभोवती आळे करणे व मातीचे सच्छिद्र मडके बुंध्याजवळ पुरून ते भरून ठेवणे, या जुन्या पद्धतीही लहान बागांत उपयुक्त आहेत.

परदेशांतील नियम : अमेरिकेतील डेन्व्हर येथे १९८१ मध्ये अल्पजली बागेसाठी ‘झेरिस्केप’ ही संज्ञा रूढ करण्यात आली. ‘कोरडा’ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून ती बनविली आहे. कॅलिफोर्निया राज्याने १९९० च्या कायद्यान्वये नगरांसाठी आदर्श नियमावली तयार केली व ती १९९३ पासून अंमलात आली. २०१५ च्या तीव्र अवर्षणात ती अधिक कडक करण्यात आली आणि ५०० चौ. फुटांपेक्षा (सुमारे ४६ चौ. मी.) मोठ्या नव्या बागांना लागू झाली. तीत बागेला वर्षभरात द्यावयाच्या पाण्याची कमाल मर्यादा प्रमाण बाष्पोत्सर्जनावरून ठरते : निवासी क्षेत्रासाठी त्याच्या ०·५५ पट व इतर क्षेत्रासाठी ०·४५ पट. कोणती झाडे लावावीत हे मालकावर सोपविले जाते, परंतु एकूण पाण्याचा हिशोब या मर्यादेत बसवावा लागतो.

ही रीत वरील उदाहरणास लावल्यास निवासी भूखंडाच्या ४०० चौ. मी. जागेची आठ महिन्यांची मर्यादा २,६४,००० लिटर येते. संपूर्ण हिरवळ तीत बसत नाही. मात्र चतुर्थांश जागेत हिरवळ (१,२०,००० लिटर) व उरलेल्या जागेत ठिबकवरील झुडपे (१,००,००० लिटर) ही रचना सहज बसते. नेव्हाडा राज्याने २०२१ च्या कायद्याने याही पुढचे पाऊल टाकले : रस्त्याकडेच्या किंवा कार्यालयांपुढील, केवळ शोभेच्या हिरवळीला कोलोरॅडो नदीचे पाणी देण्यास लास व्हेगास परिसरात १ जानेवारी २०२७ पासून बंदी घालण्याची तरतूद तीत आहे. एककुटुंबी घरांना या बंदीतून वगळले आहे.

महाराष्ट्रातील पूर्वपीठिका : उपलब्ध पाणी पाहून लागवड ठरविण्याचे तत्त्व महाराष्ट्राला नवे नाही. खानदेशातील पांझरा व लगतच्या मोसम या नद्यांच्या खोऱ्यांत काही शतके चालत आलेली फड पद्धती याच तत्त्वावर उभी आहे. नदीवर बंधारा घालून कालव्याने पाणी आणतात व लाभक्षेत्राचे तीन-चार फड पाडतात. एका फडात एका हंगामात एकच पीक घेतले जाते, त्यामुळे सर्वांची पाण्याची गरज सारखी असते. पाणी कमी असेल त्या वर्षी कोणता फड भिजवावयाचा नाही, हे लाभधारक एकत्र बसून ठरवितात आणि पाटकऱ्याकडे पाणी सोडण्याचे काम असते. समान गरजेच्या वनस्पती एकत्र लावणे, मर्यादा आधी ठरविणे व तूट वाटून घेणे, ही आधुनिक नियमांतील तिन्ही सूत्रे या पद्धतीत आहेत.

सध्याचे नियम : बृहन्मुंबईत २००२ पासून नव्या बांधकामांना पर्जन्यजल संकलनाची अट लागू झाली. राज्यातील बृहन्मुंबई व काही विशेष क्षेत्रे वगळता इतर नियोजन प्राधिकरणांसाठी डिसेंबर २०२० मध्ये एकत्रीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली मंजूर झाली. तीनुसार ५०० चौ. मी. व त्याहून मोठ्या भूखंडांवर पर्जन्यजल संकलनाची व्यवस्था बंधनकारक आहे. ०·४ हेक्टर व त्याहून मोठ्या अभिन्यासांत १० टक्के क्षेत्र मोकळे ठेवावे लागते, तर ठराविक मर्यादेपलीकडील गृहसंकुले व संस्था यांना न्हाणीघर इत्यादींतील सांडपाण्यावर प्रक्रिया करून ते पुन्हा वापरावे लागते. झाडांच्या बाबतीत महाराष्ट्र (नागरी क्षेत्र) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ लागू आहे. २०,००० चौ. मी. व त्याहून अधिक बांधकामाच्या प्रकल्पांना केंद्र शासनाच्या २००६ च्या अधिसूचनेनुसार पर्यावरणविषयक पूर्वमंजुरी घ्यावी लागते. २००७ मध्ये राष्ट्रीय मानांकन म्हणून स्वीकारलेल्या ‘गृह’ या हरित इमारत पद्धतीत बागेचे पाणी कमी करण्यास गुण दिले जातात. परंतु हे मानांकन सामान्यतः ऐच्छिक असते.

या सर्व तरतुदींचा कल पाणी मिळविण्याकडे आहे. मोकळी जागा किती ठेवावी हे ठरलेले असते, पण तिच्यातील हिरवळीला वर्षाकाठी किती पाणी द्यावे हे कोठे ठरलेले नसते. प्रक्रिया केलेले सांडपाणी बागेला दिले की प्रश्न मिटला, असे मानण्याची प्रवृत्ती आढळते. तथापि प्रक्रिया-संयंत्र बंद पडल्यास तीच हिरवळ टँकर किंवा विंधनविहीर यांवर अवलंबून राहते. तसेच अशा पाण्यात क्षार अधिक असल्यास निचरा न होणारी काळी माती कालांतराने बिघडते.

नंदुरबार जिल्हा : १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्यातून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्यात नंदुरबार, शहादा, तळोदे व नवापूर ही नगरपालिका असलेली शहरे आहेत व त्यांच्या वाढत्या वसाहतींना वरील नियमावली लागू आहे. तापीकाठचा सपाट प्रदेश तुलनेने कमी पावसाचा व खोल काळ्या मातीचा आहे. याउलट अक्कलकुवा व अक्राणी या तालुक्यांत सातपुड्याचे उतार आहेत. तेथे पाऊस अधिक पडतो, पण उथळ मातीवरून तो झपाट्याने वाहून जातो आणि उन्हाळ्यात झरे आटतात. अक्कलकुवा तालुक्यातील काठी हे गाव पूर्वीच्या मेहवासी संस्थानांपैकी एकाचे ठिकाण असून तेथील राजवाडी होळी प्रसिद्ध आहे. या डोंगराळ भागातील घरांपुढे सामान्यतः शेणाने सारवलेले किंवा ठोकून घट्ट केलेले अंगण असते. सावलीसाठी मोह, आंबा यांसारखी उपयोगी झाडे राखतात आणि परसातील भाजीला घरचे वापरलेले पाणी देतात. शोभेच्या हिरवळीला या रचनेत स्थान नाही. अशा गावांत उभ्या राहणाऱ्या शाळा, वसतिगृहे व कार्यालये यांच्या आवारांसाठी शहरी उद्यानाचा नमुना न घेता हीच स्थानिक रीत आधारभूत मानल्यास पाणी व देखभालीचा खर्च दोन्ही वाचतील.

अंमलबजावणी : या नियमांची खरी कसोटी बांधकाम पूर्ण झाल्याचा दाखला दिल्यानंतर लागते. नकाशात दाखविलेला शोषखड्डा गाळाने भरतो, ठिबकच्या तोट्या क्षारांनी बुजतात व माळी पुन्हा नळी हाती घेतो. म्हणून बागेच्या पाण्याला स्वतंत्र जलमापक बसविणे, नकाशासोबत लागवडीची यादी व पाण्याचे अंदाजपत्रक मागविणे, शोषखड्डे दर पावसाळ्यापूर्वी साफ करणे आणि टंचाईच्या काळात कोणत्या भागाचे पाणी प्रथम बंद करावयाचे याचा क्रम आधीच ठरविणे, हे उपाय महत्त्वाचे ठरतात. यांपैकी जलमापक व अंदाजपत्रक यांना खर्च अल्प येतो. परंतु त्यांमुळे पाणी कोठे जाते हे सर्वांना दिसू लागते आणि टंचाईतील वाटपाचा निर्णय अनुमानावर न राहता मोजमापावर आधारता येतो.