युरोपची एकी : कुठे पक्की, कुठे कच्ची

युक्रेनचं युद्ध पेटल्यापासून युरोपबद्दल दोन टोकांची मतं ऐकू येतात. कुणी म्हणतं युरोप फुटला, कुणी म्हणतं ब्रुसेल्सने हुकूम सोडला की सगळे देश माना डोलावतात. तासगाव, पलूस, कवठेमहांकाळपासून खटाव-फलटणपर्यंतच्या द्राक्षपट्ट्याला ही दोन्ही मतं तपासून पाहता येतात, कारण इथल्या निर्यातदार बागायतदाराची युरोपशी दर हंगामात गाठ पडते.

‘एकी नावालाच, प्रत्येक देशाचा कायदा वेगळा.’

रेसिड्यूचा रिपोर्ट हातात घेतलेला माणूस असं म्हणणार नाही. द्राक्षात कोणत्या औषधाचा किती अंश चालेल, याची युरोपीय संघात २००८ पासून एकच यादी आहे. ती हॉलंडला जशी लागू, तशी पोलंडलाही. २०१० साली या एकीचा फटका आपल्याला बसला. वेलीची वाढ रोखण्यासाठी वापरलेल्या क्लोरमेक्वाट क्लोराइडचे, म्हणजे बागायतदारांच्या बोलीतल्या ‘लिहोसिन’चे अंश युरोपात पोचलेल्या द्राक्षांत सापडले. मर्यादा होती किलोमागे ०.०५ मिलिग्रॅम. कंटेनर अडकले, माल नाकारला गेला आणि महाराष्ट्रातल्या बागायतदारांचं मोठं नुकसान झालं. एका देशाने नाकारलेला माल शेजारच्या देशात खपवू म्हटलं, तर तिथेही मर्यादा तीच.

व्यापाराचंही तसंच. जकात ठरवण्याचा अधिकार सदस्य देशांनी संघाकडे सोपवला आहे. त्यामुळे द्राक्षावरच्या जकातीबद्दल भारताला एकट्या जर्मनीशी करार करताच येत नाही. बोलणी होतात ती २७ देशांच्या वतीने युरोपीय आयोगाशी. काही सुपरमार्केट रेसिड्यूबाबत कायद्याहूनही कडक मर्यादा मागतात, पण ती त्या दुकानांची अट असते, देशाची नव्हे.

‘मग युद्धाच्या प्रश्नावरही ते एकच बोलत असतील.’

इथे मात्र गाडी अडते. व्यापाराचे बहुतेक निर्णय बहुमताने होतात : २७ पैकी १५ देश हवेत आणि त्यांत संघाची ६५ टक्के लोकसंख्या हवी. परराष्ट्र धोरण आणि निर्बंधांना सर्वांची संमती लागते. आपल्या जिल्हा बँकेत एकाच संचालकाच्या नकाराने प्रत्येक ठराव पडू लागला तर काय होईल, याची कल्पना करा. रशियावरचे मुख्य आर्थिक निर्बंध दर सहा महिन्यांनी नव्याने मंजूर करावे लागतात. दर वेळी कुणीतरी अडून बसू शकतं आणि हंगेरीने ते अनेकदा केलंही. १४ डिसेंबर २०२३ रोजी युक्रेनशी सदस्यत्वाची बोलणी सुरू करण्याचा निर्णय झाला, तेव्हा हंगेरीचे पंतप्रधान ओर्बान चक्क खोलीबाहेर गेले आणि उरलेल्या २६ जणांनी होकार दिला. नियमाचा मान राहिला, कामही झालं. अशा पळवाटा काढण्यात ही मंडळी तरबेज आहेत.

हीच अर्धवट एकी तांबड्या समुद्रातही दिसली आणि ते संकट तर आपल्या कंटेनरपर्यंत पोचलं. २०२३ च्या अखेरीस तिथल्या जहाजांवर येमेनच्या हुथी बंडखोरांचे हल्ले वाढले, मोठ्या जहाज कंपन्यांनी सुएझ सोडून आफ्रिकेला वळसा घातला. नाशवंत मालाचे जादा दिवस समुद्रात गेले, भाडंही वाढलं. युरोपीय संघाने फेब्रुवारी २०२४ मध्ये ‘अस्पिडीस’ ही नौदल मोहीम सुरू केली, पण फक्त बचावापुरती. स्पेन तीत उतरलाच नाही.

‘युरोपचा एक प्रमुख असतो.’

साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांची कैफियत घेऊन रंगो बापूजी लंडनला गेले, तेव्हा ईस्ट इंडिया कंपनीचं दार कोणतं हे तरी त्यांना ठाऊक होतं. तरी दहाहून जास्त वर्षं खेटे घालूनही न्याय मिळाला नाही, ती गोष्ट वेगळी. आज ब्रुसेल्सला गेलं तर दारं अनेक. आयोगाच्या अध्यक्षपदी २०१९ पासून उर्सुला फॉन डेर लेयेन. राष्ट्रप्रमुखांच्या परिषदेचे अध्यक्ष म्हणून डिसेंबर २०२४ मध्ये आले ते अंतोनियो कोस्ता. परराष्ट्र धोरणाची जबाबदारी त्याच महिन्यात काया कालास यांच्याकडे गेली. सैन्य यांपैकी कुणाकडेच नाही. ते ज्या त्या देशाचं.

नाटो ही लष्करी आघाडी आणि युरोपीय संघ एकच, हाही घोटाळा नेहमीचा. तुर्कस्तान, नॉर्वे, ब्रिटन नाटोत आहेत, संघात नाहीत. आयर्लंड आणि ऑस्ट्रियाचं नेमकं उलट.

‘प्रत्येक संकट युरोपला मोडत नेतं.’

माझ्या मते घडतं बरंचसं उलट. फक्त उशिरा आणि बरीच कुरकुर करून. कोविडमध्ये, जुलै २०२० ला, याच देशांनी मिळून ७५० अब्ज युरोंचा सामायिक कर्जनिधी मान्य केला. काही वर्षांपूर्वी जर्मनीने ही कल्पना दारातही उभी केली नसती. २०२१ मध्ये संघाच्या गॅस आयातीत रशियाचा वाटा ४५ टक्क्यांच्या आसपास होता, २०२४ पर्यंत तो २० टक्क्यांखाली आला. बाहेर पडला तो एकटा ब्रिटन, ३१ जानेवारी २०२० रोजी. त्याच्या मागून दुसरा कुणी गेला नाही.

ब्रिटनच्या जाण्याने आपल्याकडे मात्र एक काम वाढलं. त्याची रेसिड्यूची यादी आता वेगळी आहे आणि काही औषधांच्या मर्यादा युरोपशी जुळत नाहीत. तेव्हा बागायतदारहो, माल रॉटरडॅमला जाणार की लंडनला, हे निर्यातदाराला ऑक्टोबर छाटणीआधीच विचारा आणि मगच फवारणीचं वेळापत्रक ठरवा.