पाण्याला वळण देणारी संथ मोटर

काचेच्या मत्स्यटाकीत पाणी हलते ठेवणे हा केवळ शोभेचा भाग नसून माशांच्या श्वासाचा प्रश्न आहे, आणि धाराशिव जिल्ह्यासारख्या तापणाऱ्या प्रदेशात एप्रिल-मे महिन्यांत तो जीवनमरणाचा होतो. समुद्रसपाटीला एक लिटर गोड्या पाण्यात २० अंश सेल्सिअस तापमानाला सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळलेला राहू शकतो. ३० अंशांना तेच प्रमाण साडेसात मिलिग्रॅमपर्यंत उतरते आणि ३५ अंशांना सातच्याही खाली जाते. धाराशिव शहर सहाशे मीटरहून अधिक उंचीवर असल्याने तेथे हे आकडे आणखी थोडे कमी भरतात, आणि नेमक्या याच काळात उष्णतेमुळे माशांची प्राणवायूची गरज वाढलेली असते. प्राणवायू पाण्यात शिरतो तो मुख्यतः पृष्ठभागावरून, त्यामुळे वरचे पाणी तळाशी आणि तळाचे वर नेणारा प्रवाह नसेल तर टाकी भरलेली असूनही मासा गुदमरतो.

मात्र एका दिशेने अखंड आदळणारी धार हे या प्रश्नाचे चांगले उत्तर नव्हे. तिच्या वाटेतील झाडे मुळापासून सैल होतात, वाटेबाहेरच्या कोपऱ्यांत विष्ठा आणि उरलेले खाद्य साचते, आणि गोल्डफिश किंवा फायटर यांसारखे संथ पाण्यातले मासे दमतात. दख्खनच्या नद्यांतील मल्या हा तोंडाखालच्या चकतीने खडकाला चिकटून राहणारा मासा ओढ सहन करतो. पण नदीतही दगडाआडचा निवांत आडोसा त्याला मिळतोच. टाकीत ओढ आणि निवांतपणा यांचा असा पालट आणायचा तर धारेची दिशा सावकाश बदलत राहिली पाहिजे, आणि हेच काम मंदगती गिअर मोटरचे आहे. विजेच्या मोटरचा वेग दातेरी चक्रांच्या मालिकेने घटवून तिच्या दांड्याची, म्हणजे शाफ्टची, पिळण्याची शक्ती वाढवणारी रचना म्हणजे गिअर मोटर.

घरी असे साधन करणाऱ्यांची पहिली गफलत ही की, पाणी ढकलणे आणि पाण्याला वाट दाखवणे या दोन कामांत ते भेद करत नाहीत. हा भेद समजून घेण्यासाठी जिल्ह्यातच नळदुर्गचा किल्ला आहे. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात, १६१३च्या सुमारास, बोरी नदीवर बांधलेल्या तेथील धरणाच्या पोटात पाणीमहाल आहे आणि पावसाळ्यात पाणी वाढले की ते नर आणि मादी या दोन वाटांनी धबधब्यासारखे खाली कोसळते. तेथे जोर नदीचा आणि गुरुत्वाकर्षणाचा आहे, बांधणाऱ्यांनी दिली ती वाट. अमेरिकेतील स्मिथसोनियन संस्थेचे वॉल्टर एडी यांनी प्रवाळांच्या टाक्यांत लाट निर्माण करण्यासाठी वापरलेली कलंडणारी बादलीही याच तत्त्वावर चालते: पंप ती भरतो, आणि पुरेशी भरली की ती स्वतःच्या भारानेच उलटते. गिअर मोटरच्या साधनातही ढकलण्याचे काम पंपाकडेच ठेवावे आणि मोटरने केवळ पंपाच्या तोटीला वळवावे.

असे केले की मोटर किती लहान पुरते, हे हिशेबाने दाखवता येते. ताशी १००० लिटर पाणी देणारा पंप १२ मिलिमीटर व्यासाच्या तोटीतून सेकंदाला सुमारे अडीच मीटर वेगाने धार सोडतो, आणि त्या धारेचा उलटा रेटा जेमतेम ७० ग्रॅम वजनाइतका असतो. तोटी आसापासून तीन सेंटीमीटर बाजूला असली, तरी तिला फिरवण्यास लागणारा टॉर्क, म्हणजे पिळण्याचा जोर, ०.२ किलोग्रॅम-सेंटीमीटरच्या आसपास येतो. खरा विरोध येतो तो सांध्याच्या घर्षणाचा आणि बोअरच्या जड पाण्यातून त्यावर चढणाऱ्या पांढऱ्या क्षारांचा. म्हणून हिशेबाच्या पाच ते दहापट, म्हणजे एक ते दोन किलोग्रॅम-सेंटीमीटर टॉर्कची मोटर घ्यावी. त्याहून दांडगी मोटर घेण्यात शहाणपण नाही, कारण सांधा अडकला की ती थांबण्याऐवजी तोटी मोडते.

वेगाच्या निवडीत मात्र अधिक विचार लागतो. साठ सेंटीमीटर लांबीच्या टाकीत वरील धार समोरच्या काचेपर्यंत पोचायला सुमारे एक सेकंद घेते. मिनिटाला ६० फेरे घेणाऱ्या मोटरवर तोटीची ये-जाही एका सेकंदात उरकते, म्हणजे धार कोठेही पोचण्याआधीच वळते आणि पाणी नुसते घुसळले जाते. मिनिटाला पाच फेऱ्यांच्या मोटरने एक ये-जा बारा सेकंदांत होते आणि एका फेऱ्याच्या मोटरने पूर्ण मिनिटात. घरगुती टाकीला याच मर्यादेतील गती मानवते.

सुदैवाने अशी मोटर धाराशिवच्या घराघरांत उन्हाळाभर फिरत असते. कूलरच्या उभ्या पट्ट्या डावीउजवीकडे हलवणारी स्विंग मोटर ही सिंक्रोनस जातीची, म्हणजे विजेच्या आवर्तनांशी गती बांधलेली मोटर असते. तिच्यावर ५/६ असे छापलेले असते, त्याचा अर्थ आपल्याकडील ५० हर्ट्झच्या विजेवर मिनिटाला पाच फेरे आणि अमेरिकेसारख्या ६० हर्ट्झच्या देशात सहा. ती जेमतेम चार वॅट वीज घेते, आवाज करत नाही आणि अडकली तरी सहसा जळत नाही. तिचा एक स्वभाव ठाऊक हवा: चालू होताना ती कोणत्या दिशेने फिरेल याची खात्री नसते आणि अडखळली तर उलट फिरू लागते. म्हणून तिच्या शाफ्टवर क्रँक, म्हणजे आसापासून दूर खीळ असलेली चकती, बसवून जोडदांडीने तोटी हलवावी. चकती कोणत्याही दिशेने फिरली तरी तोटीची ये-जा सारखीच होते. मायक्रोवेव्ह ओव्हनची ताटली फिरवणारी मोटरही याच कुळातली आहे, पण तिच्यावरचा छाप वाचल्याशिवाय ती घरच्या विजेला जोडू नये, कारण काही मोटरी केवळ २१ व्होल्टच्या असतात; शिवाय ती ओव्हन उघडून स्वतः काढू नये, आतील कपॅसिटर बंद यंत्रातही प्राणघातक ठरू शकतो.

वीज वारंवार जाते तेथे बॅटरीवर चालणारी १२ व्होल्टची डीसी गिअर मोटर आणि १२ व्होल्टचाच पंप ही जोडी अधिक उपयोगी. परंतु अशा स्वस्त मोटरीतील ब्रश, म्हणजे फिरत्या भागाला वीज पोचवणारे घासते तुकडे, काही शे ते काही हजार तासांत झिजतात, आणि वर्षाचे तास ८,७६० असतात. दहा फेऱ्यांची मोटर सहा व्होल्टवर चालवली तर गती निम्मी होऊन आयुष्य वाढते. पिवळ्या प्लॅस्टिकच्या खेळण्यातील मोटरीपेक्षा धातूच्या चक्रांची मोटर घ्यावी. मोटारीच्या वायपरची मोटर दणकट असली तरी ती वेगवान, आवाजी आणि विजेला हावरी आहे, आणि काच वरखाली करणारी मोटर तर काही सेकंदांच्या कामासाठीच बनवलेली असते.

कोणतीही मोटर टाकीच्या झाकणाबाहेर, पाण्याच्या पातळीच्या वर बसवावी आणि तिचा जोर प्लॅस्टिक किंवा स्टेनलेस स्टीलच्या दांडीने खाली न्यावा. तांबे किंवा पितळ पाण्याला लागू देऊ नये, कारण विरघळलेले तांबे कोळंबी आणि गोगलगायींना अल्प प्रमाणातही मारक असते. वायर सॉकेटकडे जाण्याआधी तिला खाली झोळ द्यावा, म्हणजे ओघळणारे थेंब तेथेच गळतात, आणि संपूर्ण टाकी ३० मिलिअँपिअरला वीज तोडणाऱ्या गळतीरोधक स्विचमागे असावी. क्षार चढलेला सांधा महिन्याकाठी काढून व्हिनेगरमध्ये भिजवावा आणि स्वच्छ धुऊनच पुन्हा बसवावा.