बारा मीटरचं इमान

ट्रायथलॉनमध्ये पुढच्या सायकलच्या आडोशाला राहायचं नाही, असा नियम आहे. पण तो मोडणाऱ्याला पकडणार कोण? आणि पकडलं तरी त्याचं बिघडतं काय?

हल्ली ऑफिसच्या कँटीनमध्ये इन्क्रिमेंटच्या बरोबरीनं ‘गोव्या’ची चर्चा असते. गोवा म्हणजे बीच आणि पार्टी नव्हे हं! गोवा म्हणजे ऑक्टोबर २०१९ मध्ये पणजीच्या मिरामार किनाऱ्यावर सुरू झालेली ‘आयर्नमॅन ७०.३’. आधी १.९ किलोमीटर समुद्रात पोहायचं, मग ९० किलोमीटर सायकल हाणायची आणि शेवटी २१.१ किलोमीटर पळायचं. मैलांत बेरीज केली की ७०.३. मेडल गळ्यात, फोटो प्रोफाइलला, आणि सोमवारी लंगडत लंगडत ऑफिसात!

यातल्या मधल्या ९० किलोमीटरबद्दल मात्र फारसं कुणी मोकळेपणानं बोलत नाही. कारण तिथं ‘ड्राफ्टिंग’ नावाची भानगड आहे.

वारा कोण खाणार?

ड्राफ्टिंग मला पुस्तकातून कळलं नाही, आमच्या हिवरखेडच्या रस्त्यावर कळलं. हिवरखेड अकोला जिल्ह्यातलं, तेल्हारा तालुक्यातलं. उन्हाळ्यात अकोटहून गावाकडं सायकलनं निघालं की उजव्या हाताला सातपुडा आणि समोरून वारा. मामेभाऊ म्हणायचा, “मांगंमांगं ये, वारा मी तोडतो.” त्याच्या मागच्या चाकाजवळ राहिलं की पाय एकदम हलके व्हायचे. जरा बाजूला आलं की कुणीतरी छातीवर हात ठेवून मागं ढकलतंय असं वाटायचं.

यामागचं सायन्स सोपं आहे. सपाट रस्त्यावर ताशी ३५ किलोमीटरच्या आसपास सायकलस्वाराची बहुतेक ताकद हवा कापण्यात जाते. पुढच्यानं हवा कापली की मागच्याचं काम साधारण पाव हिश्श्यानं, कधी त्याहूनही जास्त कमी होतं. मुंबई-पुणे सायकल शर्यतीत ही चोरी नाही, उलट कसब आहे. आळीपाळीनं वारा खायचा आणि घाटात कुणाचा दम निघतो ते बघायचं. ऑलिंपिकमध्ये २००० साली सिडनीत ट्रायथलॉन आलं, तेव्हाही ड्राफ्टिंगला परवानगी होती आणि आजही आहे.

आयर्नमॅनचा बाणा वेगळा. आमच्या वऱ्हाडात शंकरपट असतो. तिथं जोडीची लढत घड्याळाशी असते आणि निकाल सेकंदाच्या तुकड्यांवर लागतो. आयर्नमॅनची सायकलही तशीच. तू, तुझी सायकल आणि घड्याळ. दुसऱ्याचा आडोसा चालणार नाही.

नियम काय सांगतो?

हौशी स्पर्धकांसाठी अंतर आहे १२ मीटर. ते पुढच्या सायकलच्या पुढच्या चाकापासून तुमच्या पुढच्या चाकापर्यंत मोजायचं. मध्ये साधारण एक एसटी उभी राहील, एवढं! या पट्ट्यात शिरलात तर २५ सेकंदांत ओव्हरटेक पूर्ण करायचा. म्हणजे तुमचा वेग त्याच्यापेक्षा ताशी पावणेदोन किलोमीटर तरी जास्त हवा. आणि कुणी तुम्हाला ओव्हरटेक केलं तर मागं सरकून पुन्हा १२ मीटर अंतर करण्याची जबाबदारी तुमची.

मोटरसायकलवरच्या पंचानं पकडलं तर निळं कार्ड. पुढच्या पेनल्टी टेंटमध्ये पाच मिनिटं गुपचूप उभं राहायचं. तीन निळी कार्डं झाली की स्पर्धेतून बाहेर. हा निर्णय पंचाच्या नजरेचा असल्यामुळं त्यावर अपील चालत नाही.

कागदावर सगळं झकास आहे. आता जरा हिशोब करू.

चोरी परवडते!

समजा, एकटं चालवताना तुमचा वेग ताशी ३०. म्हणजे ९० किलोमीटरला तीन तास. तेवढ्याच ताकदीत घोळक्याच्या आडोशानं वेग ३३ झाला, तर वेळ होते दोन तास ४४ मिनिटं. सोळा मिनिटं वाचली! एकदा पकडले गेलात तरी पाच गेली, अकरा खिशात राहिली. वर पाय ताजे, ते पुढं पळताना कामाला येतात.

आणि पकडणार कसे? हजार स्पर्धक १२-१२ मीटरवर एकामागे एक उभे केले, तर रांग १२ किलोमीटर लांब होते. पाण्यातून सगळे थोड्या थोड्या वेळानं बाहेर येतात, वळणावर आणि फीड स्टेशनवर पुन्हा गोळा होतात. पंचाच्या मोटरसायकली मोजक्या. मोटरसायकलचा आवाज आला की घोळका सुटा होतो, ती पुढं गेली की परत जुळतो. शिवाय पंचाला एक नजर टाकून चालत नाही. हा माणूस खरंच मागं लपलाय, की ओव्हरटेक करतोय, की आत्ताच मागं पडतोय, हे ठरवायला त्याला काही सेकंद सोबत राहावं लागतं. तेवढ्यात पुढचे चार घोळके सुटलेले असतात.

यात भरडला जातो तो नियम पाळणारा. त्यानं १२ मीटर जागा सोडली की त्यात दुसरा घुसतो. हा पुन्हा मागं सरकतो. मग तिसरा. इमानदारीची किंमत दर वेळी मिनिटांत मोजायची! अशा शर्यतींतून वयोगटानुसार वर्ल्ड चॅम्पियनशिपच्या जागा मिळतात. त्या मोजक्याच असतात, आणि कधी कधी दोन-तीन मिनिटांनी हुकतात.

उपाय आहेत, पण...

काही उपाय आयोजकांच्या हातात आहेत. सगळ्यांना एकदम पाण्यात न सोडता थोडे थोडे सोडणं, त्याच रस्त्यावरच्या फेऱ्या कमी ठेवणं, पंच वाढवणं. व्यावसायिक खेळाडूंसाठी काही स्पर्धामालिकांत अंतर २० मीटर आहे. न्यूझीलंडच्या ‘रेसरेंजर’ नावाच्या यंत्रानं दोन सायकलींमधलं अंतर मोजलं जातं आणि ते कमी झालं की दिव्याचा रंग बदलतो. २०२३ पासून ते व्यावसायिकांच्या शर्यतींत दिसायला लागलं. पण हजार हौशी सायकलींवर ते बसवायचं म्हणजे खर्च आणि खटाटोप दोन्ही आले. तोवर हौशी गटात मोटरसायकल, शिट्टी आणि पंचाची नजर यांवरच मदार.

आणि एक गोष्ट आपल्या हातात आहे. आपलं बहुतेक ट्रेनिंग वीकएंडच्या ग्रुप राइडमध्ये होतं. तिथं मिरवलेला ३३ चा ॲव्हरेज आपला नसतो, ग्रुपचा असतो. शर्यतीत एकटं पडल्यावर तोच आकडा गाठायचा, तर पाय साथ देत नाहीत आणि नजर आपोआप पुढचं चाक शोधते. बरेच जण ठरवून लबाडी करत नाहीत. एकट्यानं वारा खायची सवयच त्यांना नसते.

तेव्हा यंदा नाव नोंदवलं असेल, तर महिन्यातला एक रविवार ग्रुपला सुट्टी द्या. सपाट रस्ता, समोरून वारा, पुढं कुणीच नाही. नव्वद किलोमीटर झाले की घड्याळ बघा. आकडा जरा टोचेल. पण तो तुमचा असेल, आणि शर्यतीच्या दिवशी त्यासाठी कुणाच्या चाकामागे लपावं लागणार नाही.