बोनस की गडी? चढाईच्या समतोलाचे गणित

अमेरिकेतील महाविद्यालयीन फुटबॉलमध्ये चेंडू घेऊन धावावे की तो पुढे फेकावा, हा प्रशिक्षकापुढील नित्याचा पेच असतो. संघ सतत धावू लागला की बचाव पुढे येऊन दाटी करतो. सतत फेकू लागला की मागे सरकतो. दोन्हींची धास्ती असली, तरच तो जागीच घुटमळतो.

कबड्डीतही हेच घडते. समोर किमान सहा गडी असतील तर चढाईपटूला बोनस मिळू शकतो. मात्र त्यासाठी निदान रेषेच्या मीटरभर पुढे असलेल्या बोनस रेषेपलीकडे एक पाय टेकवताना दुसरा हवेत ठेवावा लागतो. हा गुण रोखण्यास कोपरारक्षक पुढे झेपावला, की तो हाताच्या किंवा पायाच्या टप्प्यात येतो. मागेच थांबला, तर बोनस जातो. केवळ बोनसवर जगणाऱ्या चढाईपटूचा पाय मात्र चांगला कोपरारक्षक दोन-तीन चढायांतच ओळखतो. शिवाय समोर पाच गडी उरले, की बोनस संपला आणि गडी टिपणे हाच एक मार्ग राहिला. लागोपाठ दोन चढाया रिकाम्या गेल्यावरच्या तिसऱ्या चढाईतही हीच कोंडी होते; गुण मिळाला नाही तर चढाईपटूच बाद.

यावर पुणेरी पलटणने २०२३-२४च्या प्रो कबड्डीत शोधलेला उपाय अभ्यासण्याजोगा आहे. मुळशीच्या वेशीवरील म्हाळुंगे-बालेवाडी क्रीडानगरी हे या संघाचे घरचे मैदान. त्या मोसमात चढाईच्या गुणांत दबंग दिल्लीचा आशू मलिक अव्वल होता. पलटणने मात्र अस्लम इनामदार, मोहित गोयत आणि पंकज मोहिते यांच्यात भार वाटला. एकाची पकड झाली तरी चढाई थंडावत नसे. त्यामागे महम्मदरझा शाडलुईच्या ९९ पकडगुणांची भिंत होती, हेही विसरता येणार नाही. साखळीत ९६ गुणांसह पहिले स्थान आणि १ मार्च २०२४ रोजी हैदराबादेत हरियाणा स्टीलर्सवर २८-२५ असा निसटता विजय, अशी त्याची फलश्रुती. पलटणचे हे पहिलेच विजेतेपद.

घडी विस्कटायला मात्र वेळ लागला नाही. पुढच्या मोसमात शाडलुई हरियाणाकडे गेला, अस्लम दुखापतीमुळे बाहेर बसला आणि पलटण बाद फेरीतही पोहोचली नाही. २९ डिसेंबर २०२४चा अंतिम सामना बालेवाडीतच झाला. पाटणा पायरेट्सला ३२-२३ असे नमवून चषक उंचावला, तो शाडलुईच्या हरियाणाने.